दैनंदिन वर्तन, झोप आणि आरोग्य : परस्परसंबंधाचे विवेचन

प्रस्तावना

आरोग्याचा विचार करताना आपले लक्ष सामान्यतः आहाराकडे आणि औषधाकडे जाते. आजारी माणसाला 'काल काय खाल्ले होते?' असे घरचे लोक लगेच विचारतात. 'काल किती वाजता झोपला होतास?' असे क्वचितच विचारले जाते. झोप ही दिवसभराच्या कामातून उरलेल्या वेळात उरकायची गोष्ट आहे, अशी समजूत समाजात रूढ झालेली दिसते. परीक्षेच्या दिवसांत रात्र-रात्र जागणारा विद्यार्थी कष्टाळू ठरतो आणि वेळेवर झोपणारा आळशी ठरतो. दोन पाळ्या करणाऱ्या कामगाराचे कौतुक होते, पण त्याच्या झोपेचा हिशेब कोणी ठेवत नाही.

वास्तविक पाहता झोप हा शारीरिक आणि मानसिक आरोग्याला जोडणारा दुवा आहे. आपण चहा केव्हा पितो, दिवे केव्हा मालवतो, सकाळी किती वाजता उठतो, हातातला मोबाइल केव्हा खाली ठेवतो या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी आधी झोपेवर आणि झोपेमार्फत शरीर व मन या दोहोंवर परिणाम करतात. झोप कशी येते, ती कमी पडल्यास काय होते, आणि रोजच्या वागण्यात कोणते बदल केल्याने ती सुधारू शकते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

झोप म्हणजे काय?

झोप म्हणजे मेंदूचे काम बंद पडणे, असा समज दीर्घकाळ होता. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेच्या काही टप्प्यांत मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात, हे दाखवून दिले. या टप्प्यात मेंदूचे विद्युत-आलेख जागेपणीच्या आलेखासारखे दिसतात आणि बहुतेक ठळक स्वप्ने याच वेळी पडतात. आपण या टप्प्यास 'स्वप्ननिद्रा' म्हणू.

रात्रीच्या झोपेत हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्ननिद्रा यांचे सुमारे ९० मिनिटांचे एक आवर्तन असते. अशी चार-पाच आवर्तने रात्रभरात होतात. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोपेचे प्रमाण अधिक असते. शरीराची वाढ व झीज भरून काढण्याशी संबंधित असलेले वृद्धी-संप्रेरक मुख्यतः याच काळात स्रवते. पहाटेकडे स्वप्ननिद्रेचे प्रमाण वाढत जाते. म्हणून जो मनुष्य आठ तासांऐवजी सहा तास झोपून पहाटे गजर लावून उठतो, त्याची झोप एक चतुर्थांश कमी होते. स्वप्ननिद्रा मात्र त्याहून मोठ्या प्रमाणात हिरावली जाते.

प्रौढ व्यक्तीने नियमितपणे किमान सात तास झोपावे, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ साली केली. १४ ते १७ वयोगटातील मुलांसाठी आठ ते दहा तास झोप योग्य मानली जाते. म्हणजेच दहावी-बारावीच्या वर्षात आपण मुलांची झोप सर्वात जास्त कापतो, नेमकी त्याच वयात त्यांची गरज मोठ्या माणसांपेक्षा अधिक असते.

झोप आणणाऱ्या दोन शक्ती

झोप केव्हा येते, हे दोन गोष्टींवर ठरते. स्वित्झर्लंडमधील संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली ही मांडणी केली आणि ती आजही उपयुक्त मानली जाते.

पहिली शक्ती म्हणजे झोपेचा दाब. आपण जितका वेळ जागे असतो, तितके मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि डोळे जड होऊ लागतात. झोपल्यावर हा साठा कमी होतो. चहा-कॉफीतील कॅफिन हे ॲडेनोसिनची जागा अडवून बसते. त्यामुळे चहा प्यायल्यावर थकवा नाहीसा होत नाही, फक्त त्याची जाणीव काही काळ दबते. कॅफिन शरीरातून निम्मे कमी होण्यास साधारण पाच-सहा तास लागतात.

दुसरी शक्ती म्हणजे शरीरातील घड्याळ. १७२९ साली फ्रान्समधील दे मेराँ या शास्त्रज्ञाने लाजाळूसारखी पाने मिटणारी वनस्पती अंधारात ठेवली, तेव्हा सूर्यप्रकाश नसतानाही तिची पाने दिवस-रात्रीच्या क्रमाने उघडत-मिटत राहिली. सजीवाच्या आतच कालमापन चालते, याची ही पहिली खूण होती. माणसात हे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी असलेल्या सुमारे २०,००० चेतापेशींच्या एका पुंजक्यात असते. हे घड्याळ पेशीच्या पातळीवर कसे चालते, याच्या शोधाबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाचे हे घड्याळ बरोबर २४ तासांचे नसून सरासरीने काही मिनिटे अधिक लांबीचे असते. त्यामुळे त्याला रोज जुळवून घ्यावे लागते आणि ही जुळणी मुख्यतः प्रकाशामुळे होते. सकाळचा उजेड घड्याळ पुढे आणतो, तर रात्रीचा प्रखर उजेड त्याला मागे ढकलतो. संध्याकाळी अंधारू लागले की मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. रात्र झाल्याची वर्दी शरीराला त्यातून मिळते. डोळ्यांवर तेजस्वी प्रकाश पडत राहिला तर ही वर्दी उशिरा पोहोचते.

अपुऱ्या झोपेचे शरीरावरील परिणाम

शिकागो विद्यापीठातील कारीन श्पीगेल, एव्ह व्हान कॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार तास झोपू देण्यात आले. एवढ्या अल्प काळातच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता लक्षणीय घटली. पुरेशी झोप मिळू लागल्यावर ती पुन्हा सुधारली. याच गटाच्या २००४ सालच्या प्रयोगात, दोन रात्री अपुरी झोप घेतलेल्या तरुणांमध्ये तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटले आणि भूक चाळवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. त्यांची ओढ गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांकडे अधिक होती. जागरणानंतर फरसाण, बिस्किटे आणि गोड चहा यांकडे हात का वळतो, याचे उत्तर यात सापडते. आपण त्याला जिभेचा दोष देतो. मुळात तो जागरणाचा परिणाम असू शकतो. मधुमेहाचे प्रमाण वाढत असलेल्या आपल्या समाजात ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

रोगप्रतिकारशक्तीचेही तसेच आहे. अमेरिकेतील शेल्डन कोहेन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५३ निरोगी व्यक्तींच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडण्यात आले. त्याआधीच्या दोन आठवड्यांत रात्री सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास वा अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट आढळली. हृदयविकार व उच्च रक्तदाबाशीही अपुऱ्या झोपेचा संबंध अनेक पाहण्यांत दिसून आला आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली हृदयाच्या आरोग्याच्या आठ निकषांत आहार, व्यायाम, तंबाखू वर्ज्य करणे यांच्या जोडीला झोपेचाही समावेश केला.

मनावरील आणि अध्ययनावरील परिणाम

'मन अस्वस्थ आहे म्हणून झोप येत नाही' हे आपण नेहमी ऐकतो आणि ते खरेही आहे. परंतु हा संबंध एकतर्फी नाही. नैराश्य नसलेल्या व्यक्तींचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या २१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना निद्रानाश होता, त्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट होती. ब्रिटनमधील २६ विद्यापीठांच्या ३,७५५ विद्यार्थ्यांवरील एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात केवळ निद्रानाशावर वर्तनोपचार करण्यात आले. तरीही झोपेबरोबर विद्यार्थ्यांमधील संशयग्रस्तता, नैराश्य व चिंता यांतही घट दिसली. झोप सुधारणे हा मनाच्या उपचाराचाच एक भाग आहे, असे यावरून म्हणता येते.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने स्मरणशक्तीचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. कॉर्नेल विद्यापीठातील जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ सालीच असे दाखवले होते की, निरर्थक अक्षरसमूह पाठ केल्यानंतर झोपलेल्या व्यक्तीला ते जागे राहिलेल्या व्यक्तीपेक्षा पुष्कळ अधिक आठवतात. त्यानंतरच्या संशोधनाने या निरीक्षणाला बळकटीच दिली आहे. दिवसा वाचलेले झोपेत पक्के होते. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री केलेले जागरण म्हणजे पेरलेले रुजण्याआधीच उपटून टाकण्यासारखे आहे.

स्वतःला न कळणारी उणीव

'मला पाच-सहा तास पुरतात, मला काही होत नाही' असे सांगणारे अनेकजण भेटतात. हे विधान किती विश्वासार्ह आहे? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील हान्स व्हान डाँगेन व डेव्हिड डिंजेस यांच्या गटाने २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात मूलगामी आहे. ४८ निरोगी प्रौढांपैकी काहींना सलग १४ दिवस रोज आठ तास, काहींना सहा तास आणि काहींना चार तास झोपू दिले. आणखी एका गटाला सलग तीन रात्री जागे ठेवले. सहा तास वा त्याहून कमी झोपणाऱ्यांची एकाग्रता दिवसेंदिवस घसरत गेली आणि अखेरीस ती एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्या माणसाइतकी खालावली.

मात्र या प्रयोगातील सर्वात महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच आहे. त्या व्यक्तींना 'तुम्हाला किती झोप येते आहे?' असे रोज विचारले जात होते. पहिल्या काही दिवसांनंतर त्यांनी सांगितलेली पेंग फारशी वाढली नाही. कामगिरी घसरत होती, पण आपण रुळलो आहोत असे त्यांना वाटत होते. भूक लागली तर पोट सांगते, तहान लागली तर घसा सांगतो. झोपेची साचलेली उणीव मात्र नीट सांगणारे काही आपल्याकडे नाही. मोजमाप ज्या मेंदूने करायचे, तोच थकलेला असतो.

याचे परिणाम केवळ व्यक्तीपुरते मर्यादित राहत नाहीत. ऑस्ट्रेलियातील डॉसन व रीड यांनी १९९७ साली असे दाखवले की, सलग १७ तास जागे राहिलेल्या व्यक्तीची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या व्यक्तीइतकी खालावते. भारतीय मोटार वाहन कायद्यानुसार वाहनचालकासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के ही मर्यादा आहे. पहाटे पाचला उठून दिवसभर काम केलेला आणि रात्री दहानंतर घाटातून गाडी हाकणारा चालक मद्याला शिवलेलाही नसेल. तरी त्याची सावधता कायद्याने अमान्य ठरवलेल्या पातळीच्या खाली गेलेली असू शकते. त्याची तपासणी करणारे यंत्र मात्र कोणत्याही नाक्यावर नाही.

झोप बिघडवणाऱ्या सवयी

झोपेचे नुकसान बहुधा अंथरुणावर पडण्यापूर्वीच झालेले असते. दैनंदिन वर्तनातील पुढील गोष्टी त्यास कारणीभूत ठरतात.

१) उशिराचा चहा-कॉफी : झोपण्यापूर्वी सहा तास घेतलेल्या कॅफिनच्या मोठ्या मात्रेनेही (४०० मिलिग्रॅम) झोप तासाभराहून अधिक घटते, असे २०१३ सालच्या एका अभ्यासात आढळले. चहाच्या एका कपात याच्या तुलनेत बरेच कमी कॅफिन असते. परंतु दुपारपासून रात्रीपर्यंत चार-पाच कप झाले, तर बेरीज दुर्लक्षणीय राहत नाही.

२) तंबाखू : तंबाखू, गुटखा, मशेरी, बिडी-सिगारेट यांतील निकोटिन हे उत्तेजक द्रव्य आहे. 'जेवणानंतर तंबाखू घेतल्याशिवाय झोप येत नाही' असे म्हणणाऱ्याला प्रत्यक्षात व्यसनाची तलफ शमल्याचे समाधान मिळालेले असते. झोप मात्र त्या निकोटिनमुळे तुटक होते.

३) रात्रीचा पडदा : झोपण्यापूर्वी कित्येक तास प्रकाशमान पडद्यावर पुस्तक वाचणाऱ्या १२ व्यक्तींची तुलना छापील पुस्तक वाचतानाच्या त्यांच्याच झोपेशी करण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पडद्यावर वाचल्यावर मेलॅटोनिन घटले, शरीराचे घड्याळ सुमारे दीड तास मागे पडले आणि झोप लागण्यास सरासरी दहा मिनिटे अधिक लागली. दहा मिनिटे ही फार मोठी बाब नाही. मोबाइलचा खरा उपद्रव हा की, त्याच्यामुळे झोपायला जाण्याची वेळच तासभर पुढे सरकते, आणि त्यावरील वाद, बातम्या व खेळ मनाला शांत होऊ देत नाहीत.

४) सुट्टीच्या दिवसाची भरपाई : आठवडाभर सहाला आणि रविवारी दहाला उठणारा मनुष्य जणू दर आठवड्याला परदेशी जाऊन येतो. जर्मनीतील टिल रोनेबर्ग यांनी या अवस्थेला 'सामाजिक जेटलॅग' असे नाव दिले. कोलोराडो विद्यापीठातील २०१९ सालच्या प्रयोगात, आठवड्याअखेर मनसोक्त झोपूनही अपुऱ्या झोपेचे चयापचयावरील दुष्परिणाम टळले नाहीत.

परिस्थितीचा वाटा

येथवरचे विवेचन वाचून असे वाटू शकेल की, झोप ही केवळ इच्छाशक्तीची बाब आहे. तसे मानणे अन्यायाचे होईल. या दृष्टीने चेन्नई येथे ४५२ अल्प उत्पन्न असलेल्या प्रौढांवर झालेला आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास विचार करायला लावणारा आहे. मनगटावरील यंत्राने मोजले असता, हे लोक रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत. पण त्यांना प्रत्यक्ष झोप मिळे ती फक्त साडेपाच तास. उकाडा, डास, गोंगाट यांमुळे ती वारंवार मोडत असे. सल्ला, साधने व प्रोत्साहन देऊन त्यांची रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढवण्यात आली. परंतु तुटक झोपेत भर घातल्याने कामात वा मनःस्थितीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. याउलट कामाच्या ठिकाणी दुपारी अर्धा तास शांतपणे झोपण्याची सोय दिली, तेव्हा लक्ष, कामाचा दर्जा व मानसिक स्वास्थ्य यांत सुधारणा दिसली. डुलकीत गेलेल्या वेळेमुळे एकूण कमाई मात्र वाढली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

मराठीत जिला वामकुक्षी म्हणतात आणि उर्दूत कैलूला, ती दुपारची अल्प विश्रांती आपल्याकडे नवी नाही. गोव्यात दुपारी दुकाने बंद ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी अद्याप टिकून आहे. बाहेरून येणारा माणूस तिला आळस समजतो. वरील निष्कर्ष पाहता तिच्याकडे अधिक आदराने पाहायला हवे. मात्र ही झोप अर्ध्या तासाच्या आत आणि दुपारी तीनच्या आधी असावी, अन्यथा रात्रीच्या झोपेचा दाब कमी होतो.

रात्रपाळीचा प्रश्न याहून बिकट आहे. हैदराबादमध्ये परदेशी वेळेनुसार चालणाऱ्या कार्यालयांतील तरुण असोत, कारखान्यातील कामगार असोत वा रुग्णालयातील परिचारिका, त्यांना शरीराच्या घड्याळाविरुद्ध काम करावे लागते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि फेरविचारानंतर २०१९ साली पुन्हा, रात्रपाळीचे काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवले आहे. अशा व्यक्तींना घरच्यांनी दिवसा शांत, अंधारी खोली आणि अखंड झोप मिळवून देणे, ही त्यांच्या औषधोपचाराइतकीच मोलाची सेवा होय. दुपारी बारा वाजता त्यांना जेवायला उठवणे म्हणजे इतरांना मध्यरात्री उठवण्यासारखे आहे.

काय करता येईल?

उपायांची सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करावी. झोप लागणे आपल्या हाती नाही, उठणे मात्र आहे. रोज, सुट्टीच्या दिवशीही, ठरावीक वेळी उठावे आणि सकाळी थोडा वेळ उघड्यावर उजेडात चालावे. दुपारी दोन-तीननंतर चहा-कॉफी टाळावी. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आटोपावे. झोपण्याआधी तासभर दिवे मंद करावेत आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत, किंवा एकच खोली असल्यास हाताला न लागेल असा, ठेवावा. डासांच्या भागात मच्छरदाणी हा झोपेचा सर्वात स्वस्त उपाय ठरतो.

अंथरुणावर पडून २० मिनिटांत झोप आली नाही, तर तळमळत न पडता उठून बसावे, मंद उजेडात काही शांत काम करावे आणि पेंग आल्यावरच परत जावे. हा सल्ला रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली दिलेल्या पद्धतीवर आधारलेला आहे. अंथरूण म्हणजे झोप, असा संबंध मनात पुन्हा जुळावा, हा त्यामागील हेतू आहे. दीर्घकालीन निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी असे वर्तनोपचार द्यावेत, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१६ साली केली आहे. झोपेच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत आणि चालू असलेल्या एकाएकी बंदही करू नयेत.

काही तक्रारी सवयीने सुटत नाहीत. मोठ्याने घोरणे, घोरताना श्वास अडकणे, रात्रभर झोपूनही दिवसा पेंगणे ही श्वासरोधाची लक्षणे असू शकतात. निद्रानाश आठवड्यातून तीन वा अधिक रात्री असा तीन महिने टिकला, किंवा त्यासोबत उदासी व जगण्याविषयी निरिच्छा असेल, तर डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे.

समारोप

शरीर वेगळे आणि मन वेगळे अशी विभागणी झोपेच्या बाबतीत टिकत नाही. तीच अपुरी रात्र एकाच वेळी रक्तातील साखर, रोगप्रतिकारशक्ती, स्मरण आणि स्वभाव या सर्वांवर आपली छाप सोडते. आणि ती रात्र कशी जाणार, हे बऱ्याच अंशी दिवसा ठरते. शिवाय या नुकसानीची जाणीव ज्याची त्याला होत नसल्याने, केवळ 'मला कसे वाटते' यावर विसंबून चालत नाही. त्यासाठी घड्याळाकडे पाहावे लागते.

म्हणूनच शाळा-महाविद्यालयांनी परीक्षेच्या काळात अभ्यासाच्या वेळापत्रकाबरोबर झोपेचेही वेळापत्रक विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे आणि पालकांनी मुलगा किती वाजेपर्यंत वाचत होता याबरोबरच तो किती तास झोपला हेही विचारावे. यासाठी पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. लागते ती एवढीच मान्यता की, झोपेसाठी दिलेला वेळ वाया गेलेला नसतो. उरलेला दिवस त्याच्याच भांडवलावर चालतो.